नाव कुठं तोडायचं?

प्रश्नात तीन गोष्टी एकदम विचारल्या आहेत. हॅम्बर्गरमध्ये हॅम, म्हणजे डुकराचं मांस, नसतं, तर मग नावात ते कुठून आलं, आणि बर्मिंगहॅम-नॉटिंगहॅममधलं 'हॅम' तेच का? म्यूलर, फिशर, अडेनावर अशा जर्मन आडनावांच्या शेवटी सारखं 'अर' का येतं? आणि मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थ साहेबांच्या आडनावाला काही अर्थ आहे, की ते नुसतंच नाव?

मी पुण्यात गेली अठ्ठावीस वर्षं जर्मन शिकवतो आणि जोडीला जुन्या जर्मन दाखल्यांची भाषांतरं करतो. जन्माचे, लग्नाचे, बाप्तिस्म्याचे दाखले. या कामात गावांची आणि माणसांची नावं हजारोंनी नजरेखालून जातात. या तिन्ही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे: नाव नेमकं कुठं तोडायचं. चुकीच्या जागी तोडलं की अर्थ तर निघतो, पण तो आपण घातलेला असतो.

हॅम्बर्गरच घ्या. आपण तोडतो 'हॅम' आणि 'बर्गर'. खरा जोड आहे 'हॅम्बुर्ग' आणि 'अर'. जर्मनमध्ये गावाच्या नावाला 'अर' लावला की त्या गावचा माणूस किंवा त्या गावची वस्तू होते. थोडक्यात, आपला 'कर'. हॅम्बर्गर म्हणजे हॅम्बुर्गकर, फ्रँकफर्टर म्हणजे फ्रँकफर्टकर, आणि व्हिएन्नाला जर्मनमध्ये 'वीन' म्हणतात म्हणून वीनर म्हणजे व्हिएन्नाकर. शेवटची दोन्ही सॉसेजची नावं झाली, पहिलं खिम्याच्या टिकियेचं. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती टिकिया पावात घातली, 'हॅम' हा आपलाच ओळखीचा शब्द समजून बाजूला काढला आणि उरलेला 'बर्गर' स्वतंत्र शब्द म्हणून वापरायला घेतला. म्हणून आज आपल्या कोपऱ्यावरचा आलू टिक्की बर्गर हा व्याकरणाच्या दृष्टीनं 'आलू टिक्की बुर्गकर' आहे.

हॅम्बुर्गमधलं 'बुर्ग' म्हणजे गढी, कोट. नवव्या शतकात तिथं 'हम्माबुर्ग' नावाची गढी होती. इथं एक सावधगिरी, कारण वर्गात दर वर्षी हा गोंधळ होतो: 'बुर्ग' म्हणजे गड आणि 'बेर्ग' म्हणजे डोंगर. आउग्सबुर्ग गढीचं, न्यूर्नबेर्ग डोंगराचं. गढ्या डोंगरावरच बांधत असल्यामुळे जुन्या कागदांतही या दोघांची अदलाबदल झालेली सापडते.

आता नॉटिंगहॅम. इथलं 'हॅम' म्हणजे घर, वस्ती. इंग्रजी 'होम' आणि जर्मन 'हाइम' (मानहाइम, हिल्डेसहाइम) ही त्याचीच भावंडं. पण गंमत पुढच्या भागात आहे. फ्रान्समधल्या नॉर्मंडीतून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजानं १०८६ साली इंग्लंडभर जमीनमोजणी आणि महसुलाची नोंद करवली. त्या नोंदवहीला 'डूम्सडे बुक' म्हणतात आणि गावांच्या नावांचा अभ्यास करणाऱ्यांची ती पहिली पायरी आहे. त्यात नॉटिंगहॅम 'स्नोटिंगेहाम' असं लिहिलंय. तोडा आता: स्नोट, इंग, हाम. 'स्नोट' हे एका माणसाचं नाव, 'इंग' म्हणजे त्याची माणसं, त्याचा गोतावळा, आणि 'हाम' वस्ती. स्नोटच्या माणसांची वस्ती. फ्रेंच वळणाच्या नॉर्मन कारकुनांच्या जिभेवर शब्दारंभीचा 'स्न' बसत नव्हता, म्हणून पुढं 'स' गळाला. बरंच झालं म्हणायचं, कारण आजच्या इंग्रजीत 'स्नॉट' म्हणजे शेंबूड.

बर्मिंगहॅमही त्याच साच्यातलं, बेओर्माच्या माणसांची वस्ती. 'इंग' हा तुकडा एकट्यानंही गावाला नाव देतो. इंग्लंडातली रेडिंग आणि हेस्टिंग्ज ही आधी टोळ्यांची नावं होती. जर्मनीत तोच 'इंगेन' झाला: ट्यूबिंगेन, ग्योटिंगेन. १८५९ साली पुण्याला संस्कृत शिकवायला आलेले मार्टिन हाउग मूळचे बालिंगेनजवळच्या ओस्टडॉर्फचे. 'इंगेन' तुम्हाला आता कळलं, आणि ओस्टडॉर्फ म्हणजे सरळसरळ पूर्वेकडचं गाव.

चुकीच्या तोडीची कमाल केंब्रिजमध्ये दिसते. कुणालाही वाटेल की कॅम नदीवरचा पूल, म्हणून केंब्रिज. नवव्या शतकात गावाचं नाव होतं 'ग्रांटेब्रिज', कारण नदीचं नाव ग्रांटा. नॉर्मन तोंडांत ग्रांटेब्रिजचं कांटेब्रिज झालं, मग केंब्रिज. तोवर ग्रांटाशी असलेलं नातं कुणाला ऐकू येईना. मग लोकांनी तर्क लढवला: पूल आहे, पुलाच्या नावात 'कॅम' आहे, तेव्हा खालची नदी कॅमच असणार. अशी गावावरून नदी तयार झाली. वरच्या भागात ती अजूनही ग्रांटा म्हणून ओळखली जाते.

म्हणून माझा नियम साधा आहे. नकाशावरच्या आजच्या नावाला हात लावायचा नाही. सापडेल तितकी जुनी नोंद आधी काढायची आणि मगच तोडायचं. नवखा असताना मी एका दाखल्याखाली टीप लिहिली होती की बर्लिन म्हणजे अस्वलांचं गाव. शहराच्या चिन्हावर अस्वल आहे, जर्मनमध्ये अस्वलाला 'बेअर' म्हणतात, दोन अधिक दोन चार. ज्यांच्यासाठी भाषांतर केलं ते गृहस्थ बर्लिनचेच निघाले. त्यांनी टीप खोडून बाजूला एकच शब्द लिहिला होता: 'दलदल'. बर्लिन हे स्लाव्ह, म्हणजे पोलिश-रशियनच्या कुळातल्या, भाषेतलं नाव आहे, पाणथळ जागेवरून आलेलं. अस्वल नंतर, नावाच्या उच्चारावरून चिन्हात शिरलं.

स्लाव्हचा विषय निघालाच आहे तर सांगतो. साधारण 'एल्ब' आणि 'झाले' या नद्यांच्या पूर्वेला मध्ययुगाच्या सुरुवातीला स्लाव्ह लोक राहत होते. जर्मन वसाहती तिकडे सरकल्या तरी गावांची नावं तीच राहिली. शेवटी 'इत्स', 'इन', 'ओ' आलं की कान टवकारावेत. खेमनित्स म्हणजे दगडगोट्यांचा ओढा. हेच ते गाव, ज्याचं नाव १९५३ ते १९९० कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. श्वेरीनच्या मुळाशी जनावरांचा शब्द आहे. बर्लिनचा पांको भाग लिहिताना शेवटी 'डब्ल्यू' असतो, तो उच्चारायचा नाही. 'पांकोव्ह' म्हटलं की बर्लिनकर ओळखतो, हा बाहेरचा. बाउत्सेनच्या आसपास स्लाव्ह सोर्ब लोक आजही आहेत आणि तिथल्या पाट्या दोन भाषांत असतात.

इंग्लंडात असाच थर व्हायकिंगांचा. नवव्या शतकात डेन लोकांनी इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग घेतला, आणि तिथल्या नकाशावर 'बी'ची रांग लागली: ग्रिम्सबी, व्हिटबी, डर्बी. त्यांच्या भाषेत 'बी' म्हणजे गाव. डर्बीला आधी इंग्रजांनी ठेवलेलं नॉर्थवर्दी असं नाव होतं, ते पुसून डेनांनी 'हरणांचं गाव' केलं. पुढं तिथल्या अर्लच्या नावानं घोड्यांची शर्यत सुरू झाली आणि ते नाव महालक्ष्मीच्या रेसकोर्सपर्यंत आलं. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ज्यावरून भांडणं होतात ते 'बायलॉज'ही कोशकार याच 'बी'शी जोडतात: गावापुरता कायदा.

रोमन थर दोन्ही देशांत आहे आणि ओळखायला सोपा. लष्करी तळाच्या 'कास्त्रा'चं चेस्टर, मँचेस्टर, लँकेस्टर. वसाहतीच्या 'कोलोनिया'चं इंग्लंडात लिंकन आणि जर्मनीत कोलोन. कोब्लेन्त्स म्हणजे संगम; ऱ्हाइन आणि मोझेल तिथं भेटतात. त्याच्याही खाली केल्ट लोकांची नद्यांची नावं. इंग्लंडात एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत, कारण केल्टांच्या भाषेत 'एव्हन' म्हणजेच नदी. 'एव्हन नदी' म्हणणारा माणूस 'नदी नदी' म्हणत असतो.

इंग्रजी आणि जर्मन या सख्ख्या बहिणी, त्यामुळे पुष्कळ तुकडे जोडीनं सापडतात. ऑक्सफर्ड आणि माइन नदीवरचं ओक्सनफुर्ट, दोन्हीचा अर्थ बैलांचा उतार, म्हणजे नदीतून गुरं पलीकडे नेण्याची उथळ जागा. फ्रँकफर्ट हा फ्रँक लोकांचा उतार. स्कन्थॉर्पमधलं 'थॉर्प' आणि ड्युसेलडॉर्फमधलं 'डॉर्फ' एकच. ड्युसेल हा तिथला ओढा. मला स्वतःला आवडते ती 'टन'ची जोडी. ब्रायटन, वॉशिंग्टन यांतलं 'टन' म्हणजे आधी कुंपण, मग कुंपणाच्या आतलं शेतघर, मग गाव, आणि शेवटी इंग्रजी 'टाउन'. जर्मनमध्ये तोच शब्द 'त्साउन' झाला आणि तो आजही कुंपणच आहे. आपल्या 'वाडी'नं हीच वाट चालली आहे: संस्कृत 'वाट' म्हणजे वेढलेली जागा, तिची वाटिका, वाडी, वाडा. सावंतवाडी आणि ब्रायटन यांच्यात साम्य आहे ते असं.

सगळ्या जोड्या मात्र खऱ्या नसतात. इंग्रजी 'वर्थ' आणि कायझर्सवेर्टमधलं 'वेर्ट' ऐकायला एक, पण पहिलं कुंपणातलं घर आणि दुसरं नदीतलं बेट. 'वर्थ'कडे शेवटी परत येऊ.

एक गोष्ट मराठी माणसाला पटकन कळते आणि इंग्रजी माणसाला समजावताना घाम फुटतो: सामान्यरूप. आपण 'पुणे' म्हणतो, पण 'पुण्याला', 'पुण्यात'. समजा परक्या माणसानं आपल्याला सतत 'पुण्याला, पुण्यात, पुण्याहून' असंच बोलताना ऐकलं आणि वहीत गावाचं नाव लिहिलं 'पुण्या'. युरोपात हे खरोखर झालंय. जुन्या इंग्रजीत गढीला 'बुर्ह', पण 'गढीपाशी' म्हणायचं तर रूप बदलून 'बिरिग'. मूळ रूपाचं पीटरबरो, स्कारबरो झालं. बदललेल्या रूपाचं कँटरबरी, साल्सबरी. शब्द एकच, एक प्रथमेत गोठला, दुसरा सामान्यरूपात. कँटरबरी म्हणजे केंटच्या लोकांची गढी. जर्मनीत तर याचा सुकाळ आहे. म्यूनिकचं जर्मन नाव म्यून्शेन, ११५८ सालापासून कागदोपत्री आहे, अर्थ 'भिक्षूंपाशी'. बाडेन म्हणजे 'न्हाणीघरांपाशी', तिथं गरम पाण्याचे झरे आहेत. शेवटचा 'एन' हा गावाचा भाग नाही, तो आपल्या विभक्तीसारखा चिकटलेला आहे. 'हाउजेन', 'इंगेन', 'किर्शेन' यांचंही तेच.

याच चिकटण्यातून काही इंग्रजी आडनावं झाली. मध्ययुगात कुणी ॲश झाडापाशी राहत असेल तर त्याला 'ॲटन ॲश' म्हणत. पुढं 'ॲट' सुटलं आणि मागचा 'न' झाडाला जाऊन बसला: नॅश. ओक झाडांपाशी राहणारा झाला नोक्स. वेल्समध्ये 'ॲप' म्हणजे 'चा मुलगा'. ॲप ऱ्हीसचा झाला प्राइस, ॲप हाउएलचा पॉवेल. प्राइस आडनावाचा किमतीशी संबंध लावून कुणी वंशावळ विकत असेल तर पैसे वाचवा.

आता आडनावांचं 'अर'. इथं जर्मन थोडी फसवी आहे. आपल्याकडे गावावरून 'कर' लागतो आणि कामावरून 'कार', जो झिजून 'आर' होतो: कुंभकाराचा कुंभार, सुवर्णकाराचा सोनार. जर्मनमध्ये दोन्ही कामं एकच 'अर' करतो. फिशर हा कोळी, वेबर विणकर, म्यूलर पिठाच्या गिरणीवाला, श्नायडर शिंपी. पण पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर अडेनावर हे अडेनावकर. आयफेलच्या डोंगरात अडेनाव नावाचं गाव आहे. 'अर' काढल्यावर उरतं ते गाव आहे की काम, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर यांच्या आडनावात 'ब्यूल' आहे, म्हणजे टेकडी. ब्यूलर म्हणजे टेकडीवरचा, किंवा ब्यूल नावाच्या एखाद्या गावचा. आपल्या डोंगरे-टेकाडे मंडळींना हे नवीन वाटू नये.

इंग्रज गावावरून आडनाव घेताना असा प्रत्यय सहसा लावत नाहीत. ते गावाचं नाव उघडंच माणसाला लावतात. जॉर्ज वॉशिंग्टनचा पूर्वज बाराव्या शतकात डरहॅम परगण्यातल्या वॉशिंग्टन गावची जहागीर घेऊन बसला आणि घराण्याला तेच नाव पडलं. आपण त्याला वॉशिंग्टनकर म्हटलं असतं. जहागीरदार सोडले तर गावाचं नाव बहुधा गाव सोडणाऱ्याला लागतं. गावात सगळेच त्या गावचे, तिथं असं नाव घेऊन उपयोग काय? म्हणून आडनावातलं गाव सांगतं ते घराणं कुठून निघालं. कुठं पोचलं ते दुसऱ्या कागदांत शोधावं लागतं.

इंग्लंडात आडनावं पिढीजात झाली ती मुख्यतः नॉर्मन विजयानंतर, बाराव्या ते चौदाव्या शतकात. जमिनीचा वारसा आणि कर यांना कायम नाव लागतं. १३७७ ते १३८१ दरम्यानच्या डोईपट्टीच्या याद्या म्हणूनच आमच्या कामाच्या. जर्मनीत मात्र सगळीकडे एकसारखं घडलं नाही. उत्तरेच्या फ्रिसलँडमध्ये बापाचं नाव लावायची पद्धत फार काळ टिकली: पेटरचा मुलगा यान पेटर्सेन, त्याचा मुलगा पेटर यान्सेन. आपलं मधलं नाव जसं पिढीगणिक बदलतं तसं. पूर्व फ्रिसलँडमध्ये १८११ साली नेपोलियनच्या हुकमानं ते थांबवलं गेलं. प्रशियातल्या ज्यूंना १८१२ च्या आदेशानं कायमची आडनावं घ्यावी लागली. फ्रँकफर्टच्या एका ज्यू घराण्याचं नाव मात्र त्याआधीचं, घराच्या पाटीवरून पडलेलं: लाल ढाल, 'रोट शिल्ट'. इंग्रजांनी ते भलत्याच जागी तोडून 'रॉथ्स-चाइल्ड' केलं आणि त्यात एक मूल आणून बसवलं.

व्यवसायांची आडनावं बोलीप्रमाणे बदलतात, म्हणून ती पाहून घराण्याचा मुलूख ओळखता येतो. पिंप बनवणारा उत्तरेत ब्योटशर, नैर्ऋत्येला क्यूफर, बव्हेरियात शेफलर. संगीतकार शूबर्ट आणि शर्यतवाला शूमाखर, दोघांच्याही आडनावात चांभारकाम आहे. मायर हा जमीनदाराचा कारभारी, आणि त्याची स्पेलिंगं इतकी की टेलिफोन डिरेक्टरीत एक मायर शोधायला चार ठिकाणी पाहावं लागे. शुल्त्स हा गावचा मुखिया, आपला पाटीलच. क्योनिग आणि किंग मात्र राजे नव्हेत. जत्रेतल्या सोंगात राजा झालेला, राजाच्या चाकरीतला किंवा नुसताच तोरा मिरवणारा, असा कुणीतरी.

यातलं एक उदाहरण तुमच्या घरात असेल. लोकरीचं कापड विणून झालं की ते पाण्यात माती घालून तुडवत, म्हणजे तेल निघून वीण घट्ट व्हायची. हे काम करणाऱ्याला इंग्लंडच्या दक्षिण-पूर्वेला फुलर म्हणत, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर. वॉकर हा फिरायला निघालेला माणूस नव्हे, हौदात कापड तुडवणारा. ज्या मातीनं ते काम होई तिला 'फुलर्स अर्थ' म्हणतात. मुलतानी मातीच्या पुडीवर बारीक अक्षरात हेच छापलेलं असतं, बघा.

आडनावाचं भाषांतर होतं का, असंही अनेक जण विचारतात. होतं. अमेरिकेत गेलेले कित्येक श्मिट स्मिथ झाले, त्सिमरमान कार्पेंटर. आपल्याला जवळचं उदाहरण शेवटच्या व्हाइसरॉयचं. हेस प्रांतात बाटेनबेर्ग नावाचं गाव आहे आणि त्यावरून त्यांच्या घराण्याचं नाव. पहिल्या महायुद्धात इंग्लंडात जर्मन नाव नकोसं झालं. १९१७ साली 'बेर्ग'चं 'माउंट' केलं, ते उचलून पुढं लावलं आणि बाटेन तसंच ठेवलं: माउंटबॅटन. अर्धं भाषांतर, अर्धं लिप्यंतर. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं तर मी गुण कापतो.

राहिले मोल्सवर्थ. १८३१ साली ज्यांचा कोश निघाला ते जेम्स थॉमस मोल्सवर्थ. केंब्रिजशरमध्ये याच नावाचं खेडं आहे, पूर्वी ते हंटिंग्डनशरमध्ये मोडायचं. डूम्सडे बुकात त्याची नोंद 'मोलेसवर्दे' अशी आहे. मोल म्हणजे चिचुंद्रीसारखा तो बिळातला प्राणी इथं नाही. 'मूल' हे जुन्या इंग्रजीतलं पुरुषाचं नाव. केंटमध्ये सातव्या शतकात त्या नावाचा एक राजाही होऊन गेला. मधला 'स' षष्ठीचा, 'वर्थ' म्हणजे कुंपणातलं घर. मूलची वाडी. आणि हो, या मूलचा कोशातल्या आपल्या 'मूल'शी काही संबंध नाही.